कुत्र्याच्या अंगावरील गाठ

कुत्र्याच्या अंगावरील गाठ म्हणजे कुत्र्याच्या त्वचेवर, त्वचेखाली किंवा त्वचेलगतच्या एखाद्या अवयवात डोळ्यांना दिसणारा अथवा हाताला जाणवणारा फुगवटा होय. गाठ हा स्वतंत्र रोग नसून परस्परांशी संबंध नसलेल्या अनेक अवस्थांचे ते एक बाह्य लक्षण आहे. कीटकाचा दंश, साकळलेले रक्त, साठलेला पू, चरबीचा निरुपद्रवी गोळा आणि मारक अर्बुद या सर्वांची पहिली खूण एकच असते. मध्यमवयीन व वृद्ध कुत्र्यांत गाठी वारंवार आढळतात आणि त्यांपैकी पुष्कळ निरुपद्रवी असतात. मात्र निरुपद्रवी गाठ व मारक गाठ यांतील भेद स्पर्शाने किंवा नजरेने खात्रीपूर्वक करता येत नाही. ही मर्यादा अनुभवी पशुवैद्यालाही लागू आहे. म्हणून गाठीतील पेशी बारीक सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही निदानाची पहिली पायरी मानली जाते.

नावे

मराठीत अंगावरील उंचवट्यांसाठी बरेच जुने शब्द आहेत. त्वचेखालच्या मऊ, न दुखणाऱ्या गोळ्याला आवाळू, पू धरलेल्या सुजेला गळू किंवा बेंड, केसाच्या मुळाशी झालेल्या पुळीला केसतूड, तर पायाच्या जखमेमुळे जांघेत उठणाऱ्या गाठीला अवधाण म्हणतात. मूळचे माणसांसाठी असलेले हे शब्द कुत्र्यांच्या बाबतीतही वापरले जातात. ते गाठीचे रूप सांगतात, तिच्या आत काय आहे ते सांगत नाहीत. 'आवाळू आहे, राहू द्या' असे म्हणून सोडून दिलेल्या गाठींत बहुसंख्य खरोखरच आवाळू असतात, पण सगळ्या नसतात.

वैद्यकीय परिभाषेत पेशींच्या अनियंत्रित वाढीने बनलेल्या गाठीला अर्बुद म्हणतात. एका जागी राहणारे, आजूबाजूच्या ऊतींत न घुसणारे अर्बुद सौम्य, तर शेजारच्या ऊतींत शिरणारे व रक्तातून किंवा लसीकेतून दूरच्या अवयवांत पसरू शकणारे अर्बुद मारक होय. कर्करोग ही संज्ञा मारक अर्बुदांसाठी वापरली जाते.

शरीरातील नैसर्गिक उंचवटे

प्रथमच कुत्रा पाळणाऱ्यांना शरीराचे काही सामान्य भागही गाठीसारखे वाटतात. कुत्र्याला बहुधा आठ ते दहा स्तनाग्रे असतात आणि ती नरालाही असतात. नराच्या पोटावरील लहान काळसर स्तनाग्र गोचीड समजून उपटण्याचा प्रयत्न होतो आणि त्यातून जखम होते. गोचिडीला पाय असतात व ती कोठेही चिकटते; स्तनाग्रे पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ओळीने असतात, हा फरक भिंगाविनाही कळतो. छातीच्या हाडाचे खालचे टोक, शेवटच्या बरगडीचे मोकळे टोक आणि डोक्याच्या मागील बाजूचा हाडाचा उंचवटा हेही शंकेचे नेहमीचे विषय आहेत. नर उत्तेजित झाला असता शिश्नाच्या मुळाशी दोन गोल फुगवटे येतात व काही वेळाने आपोआप ओसरतात. हे नैसर्गिक आहे.

बहुतेक नैसर्गिक उंचवट्यांची जोडी दुसऱ्या बाजूस सापडते. एका बाजूला लागलेली गाठ दुसऱ्या बाजूला त्याच जागी चाचपून पाहणे ही सोपी कसोटी आहे. ती लसीका ग्रंथींच्या बाबतीत मात्र फसवी ठरते. त्याचे कारण पुढे आले आहे.

अर्बुद नसलेल्या गाठी

एक-दोन दिवसांत उठलेली, गरम व दुखरी सूज सहसा गळवाची असते. कुत्र्यांच्या भांडणात सुळ्याने पडलेले छिद्र वरून लवकर मिटते आणि आत पू साठतो. पावसाळ्यानंतर गवत वाळू लागले की कुसळे बोटांच्या बेचक्यांत, कानात किंवा काखेत शिरतात. कुसळाच्या काट्यांची रचना अशी असते की ते पुढेच सरकते, मागे येत नाही. त्यामुळे गळू फुटून बरे झाल्यासारखे दिसते आणि काही आठवड्यांनी पुन्हा उठते. भारतात, विशेषतः उष्ण व दमट दिवसांत, जखमेत माश्यांनी अंडी घातल्याने अळ्या होणे ही नित्याची गोष्ट आहे. लांब केसांखाली सूज, तिच्या मध्यभागी छिद्र, त्यातून पाझरणारे रक्तमिश्रित पाणी आणि दुर्गंधी अशी लक्षणे असल्यास त्याच दिवशी उपचार करणे आवश्यक असते.

कान सतत खाजवल्याने किंवा डोके झटकल्याने कानाच्या पाळीतील रक्तवाहिनी फुटते आणि पाळी उशीसारखी फुगते. हे रक्त काढून टाकले तरी खाजेचे मूळ, म्हणजे कानातील संसर्ग किंवा पिसवांचा उपद्रव, कायम असेल तर सूज परत येते. लाळग्रंथीची नळी फुटल्यास जबड्याखाली मऊ, न दुखणारा, डुलणारा फुगवटा येतो व त्यातून चिकट, तार धरणारा द्रव निघतो. लस टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी घट्ट गाठ येणे नवलाचे नाही. ती काही आठवड्यांत विरते. महिन्यानंतरही ती तशीच असेल किंवा वाढत असेल तर तपासावी लागते.

अंतर्गळ हा प्रकार वेगळा लक्षात ठेवण्याजोगा आहे. पिल्लांच्या बेंबीजवळ, मादीच्या जांघेत आणि नसबंदी न केलेल्या वृद्ध नराच्या गुदद्वाराशेजारी स्नायूंच्या फटीतून चरबी किंवा आतडे बाहेर येऊन त्वचेखाली गाठीसारखे दिसते. दाबल्यावर आत जाणाऱ्या अशा गाठीत सुई घालणे धोक्याचे असते. आत आतड्याचे वेटोळे किंवा मूत्राशयही असू शकते. पशुवैद्य सुई उचलण्याआधी गाठ नीट चाचपतो, त्याचे हे एक कारण आहे.

त्वक्‌स्नेह ग्रंथींच्या पुटी आणि चामखिळीसारखे उंचवटे वृद्ध पूडल व कॉकर स्पॅनिएलमध्ये विशेष दिसतात. तरुण कुत्र्याच्या ओठांवर व तोंडात फुलकोबीसारखे अनेक मस एकाच वेळी उगवले तर ते बहुधा विषाणुजन्य असतात आणि प्रतिकारशक्ती जागी झाली की काही महिन्यांत गळून जातात.

मेदार्बुद

चरबीच्या पेशींचे सौम्य अर्बुद म्हणजे मेदार्बुद, यालाच लायपोमा म्हणतात. उतारवयातील, विशेषतः वजन वाढलेल्या कुत्र्यांत ते फार आढळते. लॅब्राडोर व डॉबरमन या जातींत अधिक. छाती, पोट, काख व मांडी या जागी ते मऊ, गोलसर आणि त्वचेखाली सहज सरकणारे लागते. सुईने काढलेला अंश काचपट्टीवर तेलाच्या थेंबासारखा दिसतो व तो वाळत नाही. रंगवताना अल्कोहोलने ही चरबी धुऊन जाते, त्यामुळे काचपट्टी पुष्कळदा रिकामीच दिसते.

मेदार्बुद काढावेच लागते असे नाही. काखेत वाढून चालण्यास अडथळा करणारे, झपाट्याने मोठे होणारे किंवा स्नायूंत घुसणारे मेदार्बुद काढतात. बाकीच्यांची नोंद ठेवून ती तशीच राहू देतात. धोका मेदार्बुदाचा नसून मेदार्बुद समजण्याच्या चुकीचा आहे. पुढे वर्णिलेले मास्ट पेशी अर्बुद त्वचेखालच्या चरबीत वाढले तर हाताला हुबेहूब मेदार्बुदासारखे लागते. ज्या कुत्र्याला आधीच चार-पाच मेदार्बुदे आहेत त्याची सहावी गाठ न तपासता त्याच यादीत घालणे ही वारंवार होणारी चूक आहे. प्रत्येक नवी गाठ स्वतंत्र समजून तपासणे हाच तीवरील उपाय होय.

मास्ट पेशी अर्बुद

कुत्र्यांच्या त्वचेतील मारक अर्बुदांत सर्वाधिक आढळणारे अर्बुद मास्ट पेशींचे असते. जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिक यांनी 1878 मध्ये आपल्या प्रबंधात या पेशींचे वर्णन केले. कणांनी गच्च भरलेल्या या पेशी भरपूर पोसलेल्या आहेत असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी जर्मन भाषेतील खाऊ घालून पुष्ट करणे या अर्थाच्या शब्दावरून त्यांना हे नाव दिले. त्या कणांत पोषक द्रव्य नसून हिस्टामीन, हेपारीन यांसारखी रसायने असतात. अधिहर्षतेत म्हणजे अ‍ॅलर्जीत खाज व सूज आणणारी रसायने हीच.

या अर्बुदाचे विचित्र वर्तन त्या कणांमुळेच घडते. गाठ चाचपली, खाजवली किंवा दाबली गेली की कण फुटतात आणि काही मिनिटांत ती लाल होऊन फुगते; नंतर ओसरते. आज मोठी, उद्या लहान अशी गाठ पाहून ती बरी होत असल्याचा समज होतो. वस्तुतः आकार कमीजास्त होणे हे या अर्बुदाच्या बाजूचे चिन्ह आहे. रक्तात मिसळलेल्या हिस्टामीनमुळे जठरात आम्ल वाढते, व्रण पडतात आणि उलटी किंवा काळी विष्ठा होऊ शकते. त्वचेवरची एक लहान गाठ आणि पोटाची तक्रार यांचा संबंध असू शकेल हे पालकाच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणून पशुवैद्याला दोन्ही गोष्टी एकाच भेटीत सांगणे उपयोगी ठरते.

बॉक्सर, बोस्टन टेरियर, पग, लॅब्राडोर व गोल्डन रिट्रीव्हर या जातींत हे अर्बुद अधिक होते. पगमध्ये एकाच वेळी अनेक, पण तुलनेने कमी आक्रमक अर्बुदे आढळतात. अर्बुदाचे दिसणे ठरावीक नसते: केस गळालेली लाल गुटी, चामखीळ, व्रण किंवा त्वचेखालचा मऊ गोळा यांपैकी काहीही. या अर्बुदाला सर्व गाठींची नक्कल करणारे म्हणतात ते त्यामुळेच. सुदैवाने सुईच्या तपासणीत ते सहज ओळखू येते, कारण रंगवल्यावर पेशींतील जांभळे कण स्पष्ट दिसतात.

अर्बुद किती आक्रमक आहे हे मात्र काढलेल्या ऊतीच्या परीक्षेवरून ठरते. 1984 मध्ये पटनाईक व सहकाऱ्यांनी तीन श्रेणींची, तर 2011 मध्ये किउपेल व सहकाऱ्यांनी निम्न व उच्च अशा दोनच श्रेणींची पद्धत मांडली. निम्न श्रेणीचे अर्बुद पूर्णपणे कापून काढले तर बहुतेक कुत्रे त्या रोगापासून मुक्त होतात. उच्च श्रेणीत मात्र 2011 च्या त्या अभ्यासातील कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान चार महिन्यांहून कमी होते. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या किंवा परत उद्भवलेल्या अर्बुदांसाठी टोसेरॅनिब हे औषध 2009 मध्ये अमेरिकेत संमत झाले. खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी तेथे संमत झालेले ते पहिले औषध होय. 2020 मध्ये युरोप व अमेरिकेत टिगिलॅनॉल टिग्लेट हे अर्बुदातच टोचण्याचे औषध संमत झाले. ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या वर्षावनात वाढणाऱ्या एका झाडाच्या बियांपासून मिळते.

तरुण कुत्र्यांतील लाल गुटी

साधारण तीन वर्षांखालील कुत्र्याच्या कानावर, डोक्यावर किंवा पायावर काही दिवसांत उठलेली, बटणासारखी, केस नसलेली लाल गाठ पुष्कळदा हिस्टिओसायटोमा असते. ही वाढते झपाट्याने आणि दिसते भयंकर, पण एक ते तीन महिन्यांत शरीरातील लसीका पेशी तीत शिरतात व ती नाहीशी होते. कर्करोगाच्या भीतीने घाईने कापलेल्या गाठींत हिचा समावेश असतो. मास्ट पेशी अर्बुदही असेच दिसू शकत असल्याने सुईची तपासणी येथेही टळत नाही. फरक एवढाच की तिचा निष्कर्ष बहुधा थांबण्याच्या बाजूने निघतो.

स्तनांतील गाठी

नसबंदी न केलेल्या मादीत सर्वाधिक आढळणारी अर्बुदे स्तनांची असतात. मादीला सामान्यतः स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि मागच्या दोन जोड्यांत, म्हणजे जांघेकडील बाजूस, गाठी जास्त होतात. पाठ्यपुस्तकांत ढोबळमानाने निम्मी अर्बुदे सौम्य व निम्मी मारक असे सांगितले जाते. तीन सेंटिमीटरहून लहान असताना काढलेल्या मारक अर्बुदाचा परिणाम मोठ्या अर्बुदापेक्षा चांगला असतो. मारक अर्बुद फुप्फुसांत पसरू शकते, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी छातीचे क्ष-किरण छायाचित्र काढतात.

नसबंदीशी असलेल्या संबंधाचा उल्लेख नेहमी 1969 च्या एका अमेरिकी अभ्यासाच्या आधारे होतो. श्नायडर, डॉर्न व टेलर यांच्या त्या अभ्यासानुसार, पहिल्या माजापूर्वी नसबंदी केलेल्या मादीत स्तनार्बुदाचा धोका नसबंदी न केलेल्या मादीच्या 0.5 टक्के, पहिल्या माजानंतर केल्यास 8 टक्के व दुसऱ्यानंतर 26 टक्के राहतो. हे आकडे तुलनात्मक आहेत. 26 टक्के मादींना कर्करोग होतो असा त्यांचा अर्थ नाही, तरी तसा तो अनेक ठिकाणी छापला जातो. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने या विषयावरील पुरावा कमकुवत असल्याचे दाखवून दिले. नसबंदीने धोका घटतो हे मत आजही प्रचलित आहे, पण वरील टक्केवारी दगडावरची रेघ मानता येत नाही.

माजानंतर सुमारे दोन महिन्यांनी गाभण नसलेल्या मादीचेही स्तन फुगून दूध येऊ शकते. ही खोटी गर्भावस्था होय आणि तिची सूज ओसरते. याउलट संपूर्ण स्तनपट्टा लाल, गरम, कडक व अतिशय दुखरा झाला असेल तर स्तनदाहाबरोबरच दाहयुक्त कर्करोगाचाही विचार करावा लागतो. त्या प्रकारात शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही.

संक्रामक लैंगिक अर्बुद

भारतातील मोकाट कुत्र्यांत, आणि त्यांच्याशी समागम झालेल्या पाळीव कुत्र्यांत, जननेंद्रियावर फुलकोबीसारखी, सहज रक्तस्राव होणारी गाठ आढळते. कधी ती नाकात, तोंडात किंवा त्वचेवरही होते. मूत्रमार्गातून थेंब थेंब रक्त येणे हे अनेकदा पहिले लक्षण असते आणि मादीत तो माजाचा स्राव समजला जातो.

जीवशास्त्राच्या दृष्टीने हा रोग असामान्य आहे. येथे विषाणू किंवा जिवाणू पसरत नाही. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. रशियन पशुवैद्य नोव्हिन्स्की यांनी 1876 मध्ये अशा अर्बुदाचा तुकडा एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवला. 2006 मध्ये आनुवंशिक तपासणीने सिद्ध झाले की जगभरातील या अर्बुदांच्या पेशी एकाच मूळ कुत्र्याच्या वंशज आहेत. तो कुत्रा कधी होऊन गेला याचा अंदाज 2014 मध्ये सुमारे 11,000 वर्षांपूर्वी असा होता. 2019 च्या अधिक विस्तृत अभ्यासाने तो 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी, आशियात, असा मांडला. तो कुत्रा केव्हाच मेला, पण त्याच्या पेशी अजून जगत आहेत.

इतके जुने दुखणे उपचारांना मात्र चांगला प्रतिसाद देते. आठवड्यातून एकदा शिरेतून दिलेल्या व्हिंक्रिस्टीनच्या साधारण चार ते सहा मात्रांनी बहुसंख्य कुत्रे बरे होतात. हे औषध सदाफुलीपासून मिळते. अंगणातल्या सदाफुलीची पाने खाऊ घालून मात्र ते मिळत नाही, उलट विषबाधा होते. औषध शिरेबाहेर सांडल्यास ऊती मृत होतात आणि कॉलीसारख्या काही जातींना ते अधिक बाधते, त्यामुळे ते पशुवैद्यानेच द्यावयाचे असते.

लसीका ग्रंथींची वाढ

जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे असलेल्या लसीका ग्रंथी निरोगी कुत्र्यात लहान असतात, काही तर हाताला लागतही नाहीत. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी एकदम मोठ्या, घट्ट व न दुखणाऱ्या झाल्यास लसिकार्बुदाची शंका घेतात. दोन्हीकडे सारखे आहे म्हणजे नैसर्गिक आहे, हा ठोकताळा येथे चुकतो. भारतात मात्र याच लक्षणाचे दुसरे कारणही तितक्याच गांभीर्याने पाहावे लागते: गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकियासारख्या संसर्गांतही ग्रंथी वाढतात, ताप येतो, नाकातून रक्त येते. एक रोग प्रतिजैविकाने बरा होण्यासारखा, तर दुसरा केमोथेरपी मागणारा. उपचाराविना लसिकार्बुदाचा कुत्रा बहुधा एक-दोन महिने जगतो. अनेक औषधांच्या संयुक्त उपचाराने पुष्कळांना वर्षभराच्या आसपास आयुष्य मिळते.

निदान होण्यापूर्वी स्टेरॉइड देणे येथे विशेष घातक ठरते. स्टेरॉइडने ग्रंथी काही काळ आकसतात, कुत्रा उत्साही होतो, पण तपासणीत रोग लपतो आणि नंतरच्या केमोथेरपीला प्रतिसाद कमी मिळतो. खाजेसाठी घरात उरलेल्या गोळ्या या संदर्भात निरुपद्रवी नाहीत.

इतर मारक अर्बुदे

मऊ ऊतींचे सार्कोमा पायांवर व धडावर घट्ट, हळू वाढणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठींच्या रूपात होतात. त्यांच्याभोवती आवरण असल्याचा भास होतो आणि शस्त्रक्रियेत ते सोलून निघाल्यासारखे वाटतात. परंतु ते आवरण अर्बुदाच्याच पेशींचे असते आणि मागे राहिलेल्या पेशींतून गाठ परत येते. तोंडातील काळी किंवा गुलाबी गाठ, लाळेत रक्त व अचानक वाढलेली दुर्गंधी ही मेलॅनोमाची चिन्हे असू शकतात. एकाच बोटाचे नख सुजून सैल झाले असेल, आणि कुत्रा काळ्या रंगाचा असेल, तर नखाखालच्या कर्करोगाचा विचार करतात. वृद्ध नराच्या गुदद्वाराभोवतीच्या गाठी बहुधा सौम्य असून नसबंदीनंतर आकसतात. गुदपिशवीतील कर्करोग मात्र लहान असतानाच रक्तातील कॅल्शियम वाढवतो, त्यामुळे कुत्रा फार पाणी पितो व वारंवार लघवी करतो. पोटात किंवा जांघेत अडकलेल्या वृषणात अर्बुद होण्याची शक्यता खाली उतरलेल्या वृषणापेक्षा बरीच जास्त असते.

तपासणी

केव्हा तपासावे याविषयी अमेरिकी पशुकर्करोगतज्ज्ञ स्यू एटिंगर यांनी प्रचलित केलेला नियम सोपा आहे: गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर झाली असेल किंवा महिनाभर टिकली असेल, तर सुईची तपासणी करावी. वाढणारी, रक्त येणारी, रंग किंवा आकार बदलणारी, तसेच कुत्रा सतत चाटत असलेली गाठ असेल तर महिनाभर थांबण्याचेही कारण नाही.

या तपासणीत इंजेक्शनची साधी बारीक सुई गाठीत दोन-तीन दिशांनी फिरवून आत आलेला अंश काचपट्टीवर पसरवतात, हवेत वाळवून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. भूल सहसा लागत नाही; काम काही मिनिटांचे असते आणि कुत्र्याला लस टोचण्याइतपतच त्रास होतो. सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही भीती सर्वत्र आहे. त्वचेतील व त्वचेखालील गाठींच्या बाबतीत हा धोका व्यवहारात नगण्य मानतात आणि निदान लांबवण्याने होणारे नुकसान त्याहून पुष्कळ मोठे असते. तपासणीला मर्यादाही आहेत. सार्कोमासारख्या गाठींतून पेशी कमी सुटतात, व्रण झालेल्या गाठीतून केवळ दाहाच्या पेशी येतात. 'निष्कर्ष निघाला नाही' हा अहवाल म्हणजे 'कर्करोग नाही' असा अहवाल नव्हे. अशा वेळी गाठीचा तुकडा काढून बायॉप्सी करतात.

पूर्ण गाठ काढली असेल तर ती फॉर्मॅलिनमध्ये घालून विकृतिवैज्ञानिकाकडे पाठवणे महत्त्वाचे असते. हा खर्च वाचवून गाठ टाकून दिली तर ती काय होती आणि कडेच्या ऊतीत पेशी उरल्या की नाही, हे दोन्ही प्रश्न कायमचे अनुत्तरित राहतात.

महाराष्ट्रात नागपूर येथील महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतील पशुवैद्यकीय महाविद्यालये परळ (मुंबई), नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथे आहेत. त्यांपैकी परळचे महाविद्यालय 1886 मध्ये स्थापन झाले. लहान गावांत विकृतिविज्ञानाची सोय नसली तरी वाळवलेली काचपट्टी किंवा फॉर्मॅलिनमधील ऊती दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतात.

उपचार

मारक अर्बुदांवर पहिली शस्त्रक्रिया हीच बरे होण्याची सर्वांत चांगली संधी असते. निदान आधी झालेले असेल तर किती कापायचे हे ठरवता येते. उदाहरणार्थ, मास्ट पेशी अर्बुदाभोवती परंपरेने दोन ते तीन सेंटिमीटर निरोगी त्वचा आणि खाली स्नायूवरील आवरणाचा एक थर काढतात. दोन सेंटिमीटरच्या गाठीसाठी ही जखम सहा ते आठ सेंटिमीटर रुंद होते. पोटावर ते शक्य असते, पंजावर किंवा पापणीवर नसते. म्हणून त्या जागी गाठ लहान असतानाच कळणे निर्णायक ठरते. मेदार्बुद समजून नुसते सोलून काढलेले मास्ट पेशी अर्बुद नंतर अधिक मोठी व अवघड शस्त्रक्रिया मागते.

केमोथेरपीविषयी पालकांच्या मनात माणसांच्या उपचारांचे चित्र असते. कुत्र्यांत आयुष्य सुसह्य राखणे हे उद्दिष्ट असल्याने मात्रा तुलनेने कमी ठेवतात. उलटी, जुलाब व पांढऱ्या पेशी घटणे हे परिणाम होतात, पण बहुतेक कुत्र्यांचे सर्व केस जात नाहीत.

वय हा स्वतःहून शस्त्रक्रियेला नकार देण्याचा आधार नाही. हृदय, यकृत व मूत्रपिंड तपासून भुलेचा धोका ठरवतात. तरीही काही वेळा उपचार न करण्याचा निर्णय योग्य असतो. रोग पसरलेला असेल, कुत्रा अतिवृद्ध असेल, खर्च कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असेल, तर वेदनाशामके, जखमेची निगा आणि वेदना असह्य झाल्यास दयामरण हा मार्ग उरतो. निदान करून घेणे म्हणजे पुढच्या सर्व उपचारांना संमती देणे नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि खर्चाच्या धास्तीने ते पहिल्या पायरीलाच थांबतात.

घरगुती उपाय व नोंदी

गाठीवर चुना, गरम हळद किंवा फिनेल लावणे, चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा बांधणे, सुई तापवून टोचणे असे उपाय आजही होतात. कुत्रा लेप चाटतो, बांधलेला भाग कुजतो, आणि मास्ट पेशी अर्बुद असल्यास चोळण्याने हिस्टामीन सुटते. आयब्युप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या जठरात व्रण पाडतात आणि मूत्रपिंडांना इजा करतात.

गाठी लवकर सापडाव्यात यासाठी महिन्यातून एकदा, आंघोळ घालताना किंवा केस विंचरताना, सर्व अंग हाताने चाचपतात. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखालचा भाग आणि हिरड्या या जागा सहसा राहून जातात. सापडलेल्या गाठीची तारीख, जागा व मोजमाप लिहून ठेवतात आणि शेजारी मोजपट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवून छायाचित्र काढतात. नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर असल्याने पुढच्या महिन्यात तुलना करता येते. अनेक गाठी असलेल्या कुत्र्यासाठी कागदावर त्याची आकृती काढून प्रत्येक गाठीला क्रमांक देतात. शेजारी 'सुईने तपासली, मेदार्बुद' किंवा 'तपासणे बाकी' अशी नोंद असली की पशुवैद्य बदलला तरी कोणती गाठ जुनी व कोणती नवी हे लगेच कळते.